आमच्याकडे काय आहे ते आम्हीच सांगणार

"तुम्हाला मिळालंय. सर्व्हर सांगतोय ना, मिळालंय म्हणून."

मद्रासच्या ऑफिसातून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की आजही कुणी थंड आवाजात "आमच्याकडे तशी नोंद आहे" असं म्हणालं की माझं डोकं तापतं. मी तंजावरात, माझ्या यंत्रासमोर. फाइल यंत्रावर नाही, हे मला डोळ्यांनी दिसतंय. आणि मद्रासला बसलेला माणूस ती आहे असं मलाच समजावतोय, कारण त्याच्या यादीत तसं लिहिलंय.

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मद्रासला चार वर्षं प्रोग्रॅमर म्हणून नोकरी केल्यावर मी घरी परतले होते. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता, भाऊ परदेशात होता, आणि अप्पा एकटे पडले होते. आता तंजावरात मुलांना गणित शिकवायचं, असं मी मनाशी ठरवलंही होतं. तेवढ्यात मद्रासच्या एका कंपनीने मेडिकल कॉलेज रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, नऊ जणांचं ऑफिस काढलं आणि मला त्याची प्रमुख केलं. युरोपातल्या एका कंपनीसाठी आम्ही रक्ततपासणीच्या प्रयोगशाळांचं सॉफ्टवेअर लिहायचो. रिपोर्ट छापण्याचा भाग तंजावरकडे, बाकी सगळं मद्रासकडे.

आमच्या ऑफिसातली सगळ्यात कामसू मुलगी ओरत्तनाडूच्या पलीकडच्या एका खेड्यातून यायची. वडील शेती करायचे. रोज सकाळी गावची बस, मग शहराची बस, आणि तरीही साडेआठला ती सगळ्यांच्या आधी हजर. मला ती 'अक्का' म्हणायची. मद्रासहून बदल उतरवून घ्यायचं काम तिच्याकडे होतं.

ते काम असं होतं. प्रोग्रॅमच्या सगळ्या फाइली मद्रासच्या सर्व्हरवर असत. कुणीही काही बदललं की त्या बदलाला पुढचा क्रमांक मिळायचा. त्याला आम्ही रिव्हिजन म्हणायचो. तीनशे चाळीसावी, तीनशे एकेचाळीसावी, अशा त्या वाढत जायच्या. रोज सकाळी आमचं यंत्र टेलिफोनच्या तारेवरून मद्रासला फोन लावायचं आणि नव्या रिव्हिजन मागायचं. मागणारं यंत्र म्हणजे क्लायंट, देणारं म्हणजे सर्व्हर.

पण मागायचं म्हणजे काय, तर नुसतं "मी तंजावर" एवढंच म्हणायचं. पुढचं सर्व्हर ठरवायचा. त्याच्याजवळ एक यादी होती: तंजावरला अमुक क्रमांकापर्यंत दिलेलं आहे. त्यापुढचं तो तारेवर ढकलायचा आणि ढकलून झालं की यादीतला क्रमांक पुढे सरकवायचा. इकडे पोहोचलं की नाही, ते तो विचारायचाच नाही. आणि आमची तार म्हणजे काय सांगावं! पाऊस आला की खरखर, वीज गेली की बंद, शेजारच्या गल्लीत कुणी खांबावर चढलं की बंद. दहापैकी सहा फाइली उतरल्यावर लाइन तुटायची. सर्व्हरच्या मते दहाही दिलेल्या. दुसऱ्या दिवशी तो अकरावीपासून सुरू करायचा.

मग ती मुलगी मद्रासला फोन लावायची. "सर, आमचा क्रमांक चारने मागे घ्याल का?" तिकडून उत्तर यायचं, "बघतो." कधी दुपारी बघायचे, कधी परवा. तोवर आम्ही नऊ माणसं हातावर हात ठेवून बसायचो, आणि आठवड्याच्या शेवटी मद्रासहून चौकशी यायची की तंजावरचं काम इतकं सावकाश का चालतं.

मला खरा राग यायचा तो ह्याचा. तार तुटते, त्यात कुणाचा दोष नाही. पण माझ्या यंत्रावर काय आहे आणि काय नाही, हे मला ठाऊक असताना मी दुसऱ्याकडे जाऊन त्याची वही दुरुस्त करून मागायची? रोज? "प्लीज सर" म्हणून?

एका महिन्यात, दुपारच्या रिकाम्या वेळात, मी नवी पद्धत, म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं त्याचा प्रोटोकॉल, कागदावर मांडली. पाच पानं झाली. मुद्दा साधा होता. क्लायंटने आपलं काय आहे ते सांगायचं: माझ्याकडे तीनशे चाळीसपर्यंत सगळं आहे, शिवाय तीनशे त्रेचाळीस आहे, मधल्या दोन नाहीत. सर्व्हरने तेवढंच बघून उरलेलं द्यायचं. तार तुटली तर क्लायंट पुन्हा फोन लावणार आणि त्या क्षणी त्याच्याकडे जे असेल ते नव्याने सांगणार. सर्व्हरने कुणाला काय दिलं ह्याची यादी ठेवायचीच नाही. जी यादी चुकू शकते ती असूच नये.

ती पानं घेऊन मी मद्रासला गेले. आमचे तिथले सर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, अमेरिकेत राहून आलेले. जुनी पद्धत त्यांनीच बसवलेली होती. त्यांनी पहिलं पान वाचलं, बाकीची नुसती उलटली आणि हसले.

"यादी सर्व्हरने ठेवायची नाही? मग सर्व्हर कशाला?"

"सर, सर्व्हरने फाइली सांभाळायच्या. आमच्याकडे काय पोहोचलंय ते त्याला कळणार कसं?"

"त्याने पाठवलंय म्हणजे पोहोचलंय."

"नाही पोहोचत, सर. तोच तर..."

"तुमची लाइन खराब आहे, त्यासाठी टेलिफोनवाल्यांना भेटा." पानं त्यांनी टेबलाच्या खणात टाकली. "क्लायंट सांगणार आणि सर्व्हर ऐकणार! तंजावरहून वीणा येते, बाहुल्या येतात, आता प्रोटोकॉलही यायला लागले का?"

खोलीतले आणखी दोघे हसले. मीही हसले. हो, मीही. तो माझा स्वतःचा हसण्याचा आवाज मला परतीच्या सबंध प्रवासात ऐकू येत होता.

पुढे एप्रिलमध्ये, दिवसातून चार-चार वेळा वीज जायची तेव्हा, आमच्या यंत्राची हार्ड डिस्क गेली. आठवड्यापूर्वी टेपवर घेतलेली नक्कल आम्ही नव्या डिस्कवर चढवली. म्हणजे आमचं यंत्र एका आठवड्याने मागे गेलं. सर्व्हरच्या यादीत मात्र आम्ही आजच्या दिवशी होतो. ती मुलगी तीनदा मद्रासला बोलली. प्रत्येक फोनची वेळ तिने आपल्या वहीत लिहिली, ही तिची नेहमीची सवय. तिसऱ्या वेळी तिकडून "केलं" असं उत्तर आलं. तिने फोन लावून नव्या रिव्हिजन मागितल्या. सर्व्हर म्हणाला, नवीन काही नाही.

ती माझ्या टेबलाशी आली. "अक्का, काहीतरी चुकतंय. काही नाही म्हणतोय. आठवडाभराचं यायला हवं ना?"

मी आईच्या डॉक्टरांकडे निघाले होते. पर्स खांद्याला होती. त्याच दिवशी रिपोर्टच्या भागाचं बिल्ड करून, म्हणजे सगळ्या फाइलींचा एक तयार प्रोग्रॅम बांधून, युरोपात पाठवायचं होतं.

"ते केलं म्हणाले ना?"

"म्हणाले. पण..."

"मग कदाचित आधीच आलं असेल. बिल्ड कर आणि पाठव."

हे मी म्हणाले. जी बाई वर्षभर "त्यांच्या यादीवर विश्वास ठेवू नका" म्हणून भांडत होती, तिने डॉक्टरकडे उशीर होतोय म्हणून त्यांच्या यादीवर विश्वास ठेवला.

त्या आठवड्यातल्या एका रिव्हिजनमध्ये मद्रासने आपल्याकडच्या आकड्यांच्या तक्त्यातली एक महत्त्वाची चूक सुधारली होती. एक वर्षाच्या आतल्या बाळांच्या रिपोर्टवर मोठ्या माणसांचे सामान्य आकडे छापले जायचे, ते दुरुस्त केलं होतं. आम्ही पाठवलेल्यात ती दुरुस्ती नव्हती. तिकडच्या एका प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंच्या ते लक्षात आलं. नवजात बाळाच्या रिपोर्टवर ते आकडे पाहून त्यांनी कागद तिथेच थांबवला. कुणाला इजा झाली नाही. पण त्या बाईंनी पाहिलं नसतं तर, हा विचार आजही मला स्वस्थ बसू देत नाही.

दोन दिवसांनी मद्रासहून फोन आला. आम्ही सगळे स्पीकरच्या भोवती बसलो. सर म्हणाले, सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे ती रिव्हिजन तंजावरला दिलेली होती. तंजावरने ती हरवली किंवा वापरली नाही. "त्या दिवशी उतरवून घेण्याचं काम कोणी केलं?"

माझ्या शेजारी ती बसली होती. मी बोलायला हवं होतं. वाक्य तोंडात तयार होतं: मी सांगितलं म्हणून तिने पाठवलं. ते बाहेर यायला दोन-तीन सेकंद लागले असते. तेवढ्यात ती म्हणाली, "मी, सर."

"ठीक आहे," सर म्हणाले. आणि पुढचा विषय सुरू झाला.

त्याच दुपारी मद्रासहून फॅक्स आला. तिने राजीनामा द्यावा, नाहीतर काढून टाकल्याचं पत्र निघेल. तिने कोरा कागद मागितला, चार ओळी लिहिल्या, आणि डबा पिशवीत घालून बसस्टँडकडे गेली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. "येते अक्का," एवढंच म्हणाली.

घरी येऊन मी भांडी आदळली. अप्पा कॉफी डवऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरमध्ये ओतत होते. आमच्या घरी अजून जुनी तंजावरी मराठी बोलली जायची, मधूनच तमिळ मिसळून. त्यांना संगणकातलं काही कळत नसे. मी सगळं सांगितलं: सर कसे नीच, सर्व्हर कसा आंधळा, मुलीवर कसा अन्याय झाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मज ते यंत्राचं कळत नाही," ते म्हणाले. "ती मुलगी 'मी' म्हणाली तेव्हा तू काय म्हणालीस?"

मी हातातलं पातेलंही आदळलं.

"मग इथे भांडी का आपटतेस? जा की मद्रासला."

दुसऱ्या दिवशी मी तिची वही, आमच्या यंत्राच्या सगळ्या नोंदी आणि टेपवरची तारीख घेऊन मद्रास गाठलं. सरांच्या समोर सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याने केलेल्या प्रत्येक कामाची नोंद, काढायला लावला. त्यात स्पष्ट दिसत होतं: "केलं" असं सांगितलं तेव्हा क्रमांक मागे घेतला होता, पण आमचा नव्हे, आमच्यासारख्याच कोइंबतूरच्या ऑफिसचा. एका ओळीची चूक. कोइंबतूरला त्या दिवशी तेच सगळं दुसऱ्यांदा गेलं होतं आणि तिकडे कुणाला काही कळलंही नव्हतं.

"आणि पाठव असं मी तिला सांगितलं," मी म्हणाले. "तिने विचारलं होतं. ती नको म्हणत होती."

सरांनी लॉग पुन्हा वरपासून वाचला. मला वाटलं, आता तरी.

"हे तुम्ही त्या मीटिंगमध्ये सांगायचं होतं," ते म्हणाले. "आता तिने राजीनामा दिलाय. विषय संपला. उगाच वर कशाला न्यायचा?"

ते जे पहिलं वाक्य बोलले ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी त्यांच्याच ऑफिसातल्या एका यंत्रावर बसले आणि युरोपातल्या कंपनीला थेट ईमेल लिहिलं. चूक कुठे झाली, कोणाच्या सांगण्यावरून फाइल पाठवली, कुणी तीनदा फोन केला होता, पद्धतीत मूळ दोष काय आहे आणि तो कसा काढायचा, सगळं. सरांना न विचारता. त्यांची परवानगी न घेता मी आयुष्यात केलेलं ते पहिलं काम.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी सरळ लिहिलं होतं की मागणीची पद्धत बदलल्याशिवाय पुढचं काम पाठवू नका. त्या संध्याकाळी सरांनी मला फोन केला. आवाजात साखर.

"ती तुमची पाच पानं होती ना, ती सापडली बरं का. आपण ते करू या."

आपण!

काम सुरू करण्याआधी मी ओरत्तनाडूला गेले. बसमधून उतरून कालव्याच्या कडेने चालत तिच्या गावात पोहोचले. भात कापून झालं होतं, शेतं मोकळी होती. तिच्या वडिलांनी ओट्यावर चटई अंथरली आणि ते आत गेले. ती बाहेर आली. तालुक्याच्या ठिकाणी मुलांना टायपिंग आणि संगणक शिकवायला लागली होती आणि सरकारी परीक्षेचा अभ्यास करत होती.

"परत ये," मी म्हणाले. "सगळं सिद्ध झालंय. तुझी काही चूक नव्हती."

"ते मला माहीत होतं, अक्का."

"मी त्या दिवशी बोलले नाही. मला..."

"तुम्ही माझ्या शेजारी बसला होता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण मी तिला इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मी तीन वेळा फोन केला, तुम्हाला येऊन सांगितलं, सगळं लिहून ठेवलं. अजून काय करायचं असतं माणसाने? मी नाही येणार. तिथे मला कुणीही विचारेल आणि मी 'मी, सर' म्हणेन."

तिने पाणी आणून दिलं. मग, बहुधा माझी कीव येऊन, तिने विचारलं, "नवीन पद्धत काय ठरवलीय?"

मी मातीवर काडीने रेघा ओढून समजावलं. क्लायंट आपल्याकडचे क्रमांक सांगतो, सर्व्हर उरलेलं देतो. तिने ऐकलं आणि लगेच मान हलवली.

"क्रमांक पुरत नाही, अक्का. टेपवरून उतरवलं तेव्हा दोन फाइली अर्ध्याच आल्या होत्या. क्रमांक बरोबर, आत अर्धी फाइल. क्लायंट म्हणणार, माझ्याकडे आहे. त्याला तसंच वाटणार. मग?"

पाच पानं लिहिली, वर्षभर भांडले, आणि ही गोष्ट मला सुचली नव्हती. मी सर्व्हरच्या आंधळ्या विश्वासावर चिडले होते आणि तोच आंधळा विश्वास उचलून क्लायंटवर टाकला होता.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

"नुसतं 'आहे' म्हणायचं नाही. आत काय आहे त्याची बेरीजही सांगायची. बेरीज जुळली नाही तर ती फाइल नाहीच असं धरायचं, पुन्हा मागायची."

तसंच केलं. दीड महिना लागला. क्लायंट प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून एक आकडा काढायचा आणि क्रमांकाबरोबर पाठवायचा. सर्व्हर स्वतःच्या प्रतीशी तो ताडून बघायचा. सर्व्हरची जुनी यादी मी स्वतःच्या हाताने पुसली. पहिल्याच दिवशी आमच्या यंत्रावर सात फाइली अर्ध्या निघाल्या, कोइंबतूरला अकरा. मद्रासच्या स्वतःच्या एका यंत्रावर तीन. त्या तीन पाहिल्यावर मला जो आनंद झाला तो काही चांगल्या माणसाचा आनंद नव्हता. त्यानंतर तार तुटायची ती तुटायचीच, पण कुणाला "प्लीज सर" म्हणावं लागलं नाही.

त्या पद्धतीचा कागद मी लिहिला. वर लेखकांची नावं घालायची असत. मी तिचं नाव पहिलं घातलं, माझं दुसरं. मद्रासहून तो छापून आला तेव्हा पहिलं नाव सरांचं होतं, दुसरं माझं, आणि तिचं कुठेच नव्हतं. मी फोन केला.

"ती आता कंपनीत नाही ना," सर म्हणाले. "बाहेरच्या माणसाचं नाव कसं घालणार?"

"मग माझंही काढा."

"असं कसं काढणार? काम तुम्ही केलंय."

मी दोनदा लेखी मागणी केली. नाव तसंच राहिलं. एक प्रत घेऊन मी तिच्या गावी जाणार होते, वरच्या समासात हाताने तिचं नाव लिहून. गेले नाही. तसा कागद तिच्या हातात देताना मी काय बोलणार होते? पुढच्या वर्षी ती परीक्षा पास होऊन महसूल खात्यात लागली, हे मला बसमध्ये भेटलेल्या तिच्या गावच्या बाईंकडून कळलं.

वर्षभराने आई गेली. अप्पांना घेऊन मी पुण्याला आले. घरी जन्मभर बोललेली मराठी लिहायला-वाचायला मी इथेच शिकले, चाळिशीत, म्हणून हे आज लिहिता येतंय. तंजावरची नोकरी सोडताना फॉर्ममध्ये कारण लिहायची एक चौकट होती. माझ्याकडे लिहिण्यासारखं पानभर होतं. मद्रासहून आलेले सर समोर बसले होते, निरोपाची मिठाई आली होती, सगळे माझ्याशी गोड बोलत होते. मी लिहिलं: 'घरगुती अडचण'. सही केली आणि मिठाई खाल्ली.